कमरेपाशी विरलेलं

ती आली तेव्हा वेणीचा एक पेड माझ्या दातात होता,
म्हणून लगेच बोलता आलं नाही.
"काकू, पट्टा तुटलाय. चामड्याचा घालाल?"
मी मान हलवली.
हो म्हणून, की थांब जरा म्हणून,
माझं मलाच ठाऊक नव्हतं.

शाल्मली इंगवले. रुईकर कॉलनी.
लॅपटॉप ठेवायची बॅग, हातानं केलेली,
भूतानहून आणलेली.
भूतान कुठं, तर सिक्कीमच्या पुढं.
मी निपाणीच्या पुढं गेले ती फक्त अथणीला,
आणि तिथंही माणसं चपलाच करत बसलेली.

संध्याकाळी येते म्हणून गेली.
मी कापडावरून हात फिरवला.
तांबडं, पण कुंकवाचं नव्हे,
संकेश्वरी मिरची आठवडाभर उन्हात पडली
की तिला जो येतो, तो रंग.
त्यात पिवळे-हिरवे चौकोन,
पायरी पायरीनं चढून परत उतरणारे.
मला आधी वाटलं, भरतकाम.
टाका शोधला. टाका कुठंच नाही.
विणताना, एकेक दोरा बोटानं उचलून,
आतच घातलेलं सगळं.

पोरगी सांगत होती, तिथल्या बायका
माग कमरेला बांधून बसतात.
मागं रेललं की सूत ताठ,
पुढं झुकलं की सैल.
तिला नवल वाटत होतं.
मला नाही वाटलं.
मी वेणीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवते,
चाळीस वर्षं झाली,
अंगठा आता सरळ होत नाही.
चप्पल दुसऱ्याच्या पायात जाते,
बाक माझ्याकडं राहतो.

पट्टा बसवायचा तर अस्तर उसवायला हवं.
रापीनं दोन-चार टाके सोडवले, आत बघितलं,
आणि रापी खाली ठेवली.

घडीवर एक रेघ होती, फिकी,
आणि तिच्या अंगानं चार बोटं कापड विरलेलं.
हे नवं ताग्यातलं नव्हे.
हे कुणाचं तरी नेसूचं.
सासूच्या लुगड्यांची वाकळ शिवली तेव्हा बघितलंय मी,
जिथं खोचतो तिथंच आधी जातं.
पदर राहतो, काठ राहतात,
कमर जाते.

कोण असेल ती?
बारीक असावी.
का कापताना निम्मी गेली?
का विकलं, ते मी विचारणार नाही.
विकायला कारण लागत नाही,
गिऱ्हाईक लागतं.

"मशीनवर मार, दोन मिनटांचं काम हाय,"
आमचे हे आतून ओरडले.
मी आरी घेतली.
दोन चौकोनांच्या मधी बोटभर जागा कोरी होती,
तिथं टोचलं,
टोक आधी मेणावर फिरवून,
दोरे बाजूला सरावेत, तुटू नयेत म्हणून.
म्हशीचं कातडं टोचताना
मी सुनेशी भांडूनसुद्धा घेते.
इथं हात दोनदा मागं आला.
पट्ट्याला बकऱ्याचं मऊ कातडं घेतलं,
सात पेडी वेणी घातली.
तिनं सांगितली नव्हती.

दिवे लागल्यावर आली. "किती झाले?"
"दीडशे."
"एवढेच? बॅग अकरा हजारांची आहे, काकू."
आता हे आधी सांगायचं नाही होय?
पण तोंडातनं गेलं ते गेलं.
दोनशेची नोट दिली, "राहू द्या" म्हणाली.
मी पन्नास परत केले
आणि रात्री जेवताना त्याचा राग आला.

कमरेचं काही बोलले नाही तिला.
अस्तर घट्ट शिवून टाकलं होतं.

पायरी उतरून ती गाडीकडं गेली
तेव्हा बॅग तिच्या कमरेवर आपटत होती,
बरोबर तिथंच.

पट्टा बोटभर लांब झालाय.
येईल परत.